पास्त्याच्या पाण्यातलं मीठ

संपादकांनी विषय दिला तो असा: सोलापूरकरांना इटालियन पदार्थ शिकवताना आलेले गमतीदार अनुभव. गमतीदार अनुभव नाहीत असं नाही. पण मी हसतखेळत लिहायला बसले की थोड्या ओळी होतात आणि पेन एकाच स्वयंपाकघराशी येऊन अडतं. म्हणून या वेळी ठरवलं, आधी गंमत सांगून टाकायची आणि मग त्या स्वयंपाकघरात जायचं. ज्यांना नुसती गंमत हवी आहे त्यांनी मधेच थांबलं तरी माझी हरकत नाही.

मी जुळे सोलापुरात राहत्या घरी वर्ग घेते. पास्ता, पिझ्झा, लझानिया. शिकले पुण्यात. यांची नोकरी तिथं होती तेव्हा एका लहानशा हॉटेलात भाज्या चिरायच्या कामाला लागले. हॉटेलच्या बाई इटलीत राहून आलेल्या होत्या, त्यांनी मला हळूहळू विळीवरून शेगडीपर्यंत नेलं. पुढं हे गेले आणि मी माहेरच्या गावी परत आले. बाकीचं चरित्र सांगण्यासारखं नाही.

ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या गावाला पास्ता शिकवायचा, तर तो आधी ओळखीचा करून द्यावा लागतो. मी पहिल्या दिवशी सांगते, या जाड शेवया आहेत, फक्त त्या दुधात न घालता टोमॅटोच्या रश्श्यात घालायच्या. बन्सी गव्हाचा बारीक रवा, कोमट पाणी, थोडं तेल. अंडं नाही, कारण माझ्या निम्म्या बायका लिंगायत घरातल्या, त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. पीठ घट्ट मळायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं, आणि माळ्यावर पडलेलं शेवयांचं मशीन खाली काढायचं. जे मशीन वर्षातून एकदा उन्हाळ्यात निघतं, ते माझ्यामुळं दर महिन्याला निघायला लागलं, एवढा तरी माझा या गावावर उपकार आहे.

चुकाही इथल्याच होतात. एका सुनेनं पेस्टो, म्हणजे पानांची हिरवी चटणी, करायला अंगणातल्या वृंदावनातली तुळस खुडली. सासूबाई धावत आल्या. “देवाची पानं मिक्सरात घालतीस व्हय गं? आनि ही तुजी मॅडम गप बगत बसलीया!” तेव्हापासून मी प्रत्येकीला सब्जाचं रोप देते. फालुद्यातल्या सब्जाचीच ती पानं, इटलीतल्या बायका तीच वापरतात. आणखी एक बाई समोर बसून माझ्या पास्त्यावर चमचाभर शेंगाचटणी पसरायची. मला राग यायचा. एक दिवस तिच्या ताटातलं चाखून बघितलं आणि घरी जाऊन गुपचूप तसंच करून खाल्लं.

सगळ्यांत जास्त भांडणं झाली ती पाण्यावरून. पास्त्याला मोठं पातेलं भरून उकळतं पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. पास्ता उपसून मी पाणी मोरीत ओतायला गेले की बायकांचा जीव वर-खाली व्हायचा. “अहो मॅडम, टाकू नका की! आमटीला होईल.” ते खरंच आमटीला चांगलं होतं. पिठूळ असतं, आणि खारट.

खारट, कारण मीठ पाण्यात घालायचं असतं. ही एकच गोष्ट मी रागावून शिकवते. पाणी उकळलं की पास्ता सोडायच्या आधी मीठ. पास्ता शिजताना ते पाणी पितो आणि पाण्याबरोबर मीठ पितो. एकदा तो शिजून बाहेर आला की वरून कितीही मीठ भुरभुरा, ते वरच बसतं. आत जात नाही. तेव्हा ती एक वेळ चुकवायची नाही.

आता ते स्वयंपाकघर.

वर्ग चांगला चालू लागल्यावर एक नवीन काम माझ्याकडे यायला लागलं. मुलींच्या लग्नाच्या माहितीपत्रकात ‘शिवणकाम, रांगोळी’च्या शेजारी ‘इटालियन पदार्थ’ असं छापून येऊ लागलं होतं. पाहुणे पुण्या-बंगळुरूचे असले की पोहे देणं मागासलेपणाचं वाटायचं. मग एक दिवस एक आई माझ्याकडे आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, “मॅडम, तुमी नुसतं मागं हुबं राहा. करायचं तुमीच, पन सांगायचं पोरीनं केलं म्हनून. तेवढं करा की हो.”

मी केलं. मागच्या दारानं जायचं, पातेलं चढवायचं, ताटल्या भरून द्यायच्या. मुलीला दोन-तीन उत्तरं पढवून ठेवायची: सॉस कशाचा, किती वेळ शिजवला, पानं कसली. पाहुणे गेले की मागच्या दारानंच परत. यात काही खोटं आहे असं मला वाटलं नाही. पोहे तरी कुठं सगळ्या मुली स्वतः करतात? योगायोगानं पहिल्या काही घरी लग्नं जमली आणि बायका म्हणायला लागल्या, या मॅडमच्या हाताला गुण आहे. मला ते ऐकायला आवडायचं. कुणी म्हटलं नाही तर मीच बोलता बोलता तिथं आणून ठेवायची.

कावेरी माझ्या वर्गातलीच. नाव बदललं आहे. मूळचे कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीचे, मार्केट यार्डात आडत दुकान, घरात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात. वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे, आजीला अव्वा. कावेरी एका टॉवेलच्या कारखान्यात नक्षी काढायच्या कामाला होती, कॉम्प्युटरवर. स्वयंपाकात तिचं अजिबात लक्ष नसायचं. मी पास्त्याचे आकार दाखवायची तेव्हा बाकीच्या बायका विचारायच्या, हे किती वेळ शिजवायचं. ही ते आकार तळहातावर ठेवून उलटसुलट करायची. एकदा तिनं मला एक हात पुसायचा टॉवेल आणून दिला. काठाला फुलपाखरी पास्त्याची ओळ विणलेली.

“मालकांना सांगितलंच नाही कसलं डिझाईन आहे. त्यांना वाटतंय फुलपाखरं,” ती हसत म्हणाली. “ऑर्डर आलीया, मावशी. परदेशातली.”

वर्गात सगळ्या मॅडम म्हणायच्या. ही एकटी मावशी म्हणायची.

तिला बघायला पुण्याहून पाहुणे यायचे ठरलं तेव्हा तिची आई माझ्याकडे आली. मुलगा कंपनीच्या कामानं इटलीत राहून आला होता. लग्न जमवणाऱ्यानं तिकडं सांगून ठेवलं होतं की मुलगी इटालियन फार छान करते. मी हो म्हटलं.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी गेले तर अव्वा परसात स्टुलाला आवळलेल्या मशीनचा दांडा फिरवत बसल्या होत्या. मी शेजारी बसून बाहेर पडणारे पास्त्याचे धागे परातीत झेलायला लागले.

“इदेनु?” त्यांनी विचारलं. हे काय?

“पास्ता, अव्वा.”

“कसला पास्टा? शेवयाच की ह्या. गूळ घाल, दूध घाल. टामाटू घालून पावन्यांना वाटंला लावतीस व्हय?” आणि स्वतःच्याच बोलण्यावर दात नसलेलं तोंड उघडून हसल्या.

सॉस सकाळीच करून आणला होता. पाहुणे येऊन बसले तसं पाणी चढवलं. कावेरी हिरवी साडी नेसून आत आली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“मावशी, आज बिघडवा.”

मला कळलं नाही. “काय बिघडवू?”

“पास्ता. खारट करा. तोंडात धरवणार नाही एवढा करा.”

“वेडी का काय तू?”

“त्यांच्या घरात सुनेनं नोकरी केलेली चालत नाही. जमवणाऱ्यानं सांगितलंय आईला. आईनं मला सांगितलं नाही, मी ऐकलं.” ती अगदी हळू बोलत होती, पण आवाज स्थिर होता. “मी नाही म्हटलं तर अण्णा ऐकणार नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर अण्णा काही बोलणार नाहीत. तुमच्यावर काही येत नाही, मावशी. आई बोलली तर तिचंच खोटं उघडं पडेल. केलंय मीच ना? नाव माझंच जाईल की.”

आणि तिनं मिठाचा डबा उघडून माझ्यापुढं धरला.

त्या क्षणाचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. बिनचूक आखलेलं होतं तिनं, काठाच्या नक्षीसारखं. ज्या खोट्यावर माझं काम चालायचं, तेच तिनं स्वतःच्या उपयोगाला घेतलं होतं. माझं काहीच जाणार नव्हतं. मी त्या घरात आहे हेसुद्धा बाहेरच्या पाहुण्यांना माहीत नव्हतं.

पाणी उकळत होतं. मी डब्यात हात घातला आणि नेहमी घेते तेवढंच मीठ घेतलं. चवीपुरतं.

“मावशी,” ती म्हणाली.

“घाबरू नकोस,” मी म्हटलं. “सगळ्यांना असंच होतं. आईवडील काय वाईट करतील तुझं?” आणि पास्ता सोडला.

पुढं अनेक वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की पोर घाबरली होती आणि मोठ्यांना जास्त कळतं. ते खरं नव्हतं. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. या गावात मी एवढी वर्षं पास्ता करत होते, पण तो बरोबर होतो की नाही हे सांगू शकेल असं एकही माणूस मला भेटलं नव्हतं. बायका म्हणायच्या छान, पण त्यांनी दुसरा कुठला खाल्ला होता? त्या दिवशी बाहेर असा माणूस बसला होता ज्यानं इटलीतला खाल्ला होता. त्याला मी खारट पास्ता पाठवू शकले नाही. मला ऐकायचं होतं.

आणि ऐकलं. दाराच्या फटीशी उभी होते. पहिला घास घेऊन तो थांबला आणि आईला म्हणाला, “आई, हा तिकडच्यासारखा झालाय. अगदी तसाच.” मी तिथं, त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, हसले. मला माझं ते हसणं आठवतं.

कावेरी रिकाम्या ताटल्या घेऊन आत आली. ओट्यावर ठेवल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, “छान झालाय म्हणे.” मग डब्याचं झाकण लावून तो जागेवर ठेवला.

लग्न जमलं. तिच्या आईनं मला इरकल साडी दिली. हाताला गुण, म्हणाली.

लग्नानंतर सुरुवातीला तिचे फोन यायचे. रविवारी सकाळी. मागं नळ सोडलेला असायचा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

“मावशी, यांचं म्हणणं, त्या दिवशीसारखा नाही.”

“मीठ पाण्यात घालतेस ना?”

“घालते.”

“रवा बन्सीचाच आहे ना?”

“मावशी, हात तुमचा होता,” ती म्हणायची. ती तक्रार करायची नाही, नुसतं सांगायची. मी इकडून मापं सांगत राहायची, जणू प्रश्न मापांचाच होता. डिझाईनचं काय, असं एकदा विचारलं. म्हणाली, “इथं कॉम्प्युटर यांच्या ऑफिसच्या कामाचा आहे.”

मग एकदा फोनवर म्हणाली, “मी सांगून टाकलं त्यांना. त्या दिवशी तुम्ही केला होता म्हणून.”

“काय म्हणाले?”

“हे उठून गेले. सासूबाई म्हणाल्या, पास्त्यात फसवलं, तर आणि कशाकशात फसवलं असेल. आता काही हरवलं, दूध नासलं, तरी तेच निघतंय.” नळाचा आवाज येत राहिला. “असू दे. ठेवते.”

त्यानंतर फोन आले नाहीत. मीही केला नाही. तिला अडचण होईल असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःला बरंच काही सांगत असते.

ते मागच्या दाराचं काम मी तेव्हाच सोडायला हवं होतं. सोडलं नाही. बोलावणी कमी घ्यायला लागले, एवढंच. मग मागच्या वर्षी ऋतुजाच्या घरून बोलावणं आलं. हेही नाव खरं नाही. बार्शीजवळच्या वैरागचं कुटुंब, मुलीच्या शिक्षणासाठी शहरात खोल्या घेऊन राहिलेलं. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे मैदानावर पळायला जायची. पाहुणे यायच्या आधी स्वयंपाकघरात पायातल्या पैंजणांकडे बघत ती मला म्हणाली, “काकू, असा करा तुमचा पास्ता की परत हिकडं फिरकायलाच नकोत.” आणि हसली. थट्टेत म्हणाली असेल. मी विचारलं, “भरती कधी आहे?” तर हसायची थांबली. “मैदानी चाचणी झाल्याशिवाय लग्न नको म्हनलं होतं मी. पप्पा म्हनले, बघायला काय हरकत हाय.”

मी डबा उघडला आणि मूठभर मीठ पाण्यात टाकलं. मग दुसरी मूठ. मग तिसरी. ऋतुजा माझ्या हाताकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून बिघडवत होते. एक नूडल चाखली, तर डोळ्यांत पाणी आलं एवढी खारट.

ताटल्या बाहेर गेल्या. आम्ही दोघी दाराशी. बाहेर चमचे वाजायला लागले. मग मुलाचे वडील म्हणाले, “व्वा! इटालियन असंच असतंय की. जरा खारटच असतंय.” मुलाची आई म्हणाली, “लई येगळी टेस्ट हाय.” त्यांनी ताटल्या निपटून खाल्ल्या. पाणी मात्र तांब्यावर तांब्या मागितलं. मग वडिलांचा आवाज आला, “आमची पसंती हाय बगा.”

ऋतुजानं माझा दंड धरला. “काकू, आता?”

मी पदराला हात पुसले, मधलं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत गेले. पाहण्याच्या कार्यक्रमात मी तोवर कधीच त्या दारातून गेले नव्हते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “हे मी केलंय. पोरीला यातलं काही येत नाही. तिला पोलिसात जायचंय, ती पहाटे उठून पळते. तिला विचारा.”

पुढं काय झालं ते आवडीनं लिहावं असं नाही. पाहुणे उठले. मुलाचे वडील ‘फसवाफसवी’ म्हणाले. ऋतुजाचे वडील मला जे म्हणाले ते म्हणायचा त्यांना हक्क होता. जोडे घालत असताना आतून तिच्या आईचं रडणं ऐकू येत होतं. लग्न मोडलं ते कायमचं की पुढं ढकललं गेलं, मला माहीत नाही. भरतीचंही कळलं नाही. त्या घराचं दार मला बंद झालं आणि बातमी अशी पसरली की मागच्या दाराचं काम एका आठवड्यात संपलं. वर्गही निम्मा झाला. ज्या बायका हाताला गुण म्हणायच्या, त्या आता रस्त्यात भेटल्या तर पिशवीतली भाजी बघत पुढं जातात.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला अव्वा गेल्या. दिवस होऊन गेल्यावर मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत माणसं होती. कावेरी परसात आहे म्हणाले. ती मागच्या पायरीवर बसून शेवयांचं मशीन चिंधीनं पुसत होती. बारीक झाली होती. केस पुढून पांढरे.

“या मावशी. ऊटा आतेनु?” अव्वा विचारायच्या तसंच तिनं विचारलं. जेवण झालं का?

मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, “हे मी नेणार आहे. आईला नको आहे.” मग दांडा पुसत, “आता मला पास्ता येतो, मावशी. चांगला येतो. दर रविवारी तोच असतो.”

मी म्हटलं, “त्या दिवशी तू डबा धरला होतास.”

“आठवतंय.”

मग मी तिला सगळं सांगितलं. इटलीत राहून आलेला माणूस काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं, हेही सांगितलं. दाराशी हसले तेही. ती चिंधी मशीनच्या जाळीतून ओढत ऐकत राहिली. मग मी ऋतुजाचं सांगितलं. तीन मुठी मीठ, पाहुण्यांनी निपटलेल्या ताटल्या, मधलं दार. हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा. मला वाटत होतं की हे ऐकून ती काहीतरी म्हणेल. निदान हसेल. बिघडवूनही बिघडत नाही, तेव्हा तुझ्या वेळी मी मीठ घातलं असतं तरी काय फरक पडणार होता, असं तिच्याच तोंडून निघेल, आणि मी मोकळी होऊन घरी जाईन.

तिनं चिंधी झटकली. रिकाम्या मशीनचा दांडा एकदा फिरवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. कारखान्यात विणून आलेला काठ तपासताना बघत असेल, तसं बघितलं.

“म्हणजे तुम्हाला बिघडवता येत होतं की,” ती म्हणाली.